ब्लायनॅव्हन : लोखंडाचे एक जुने गाव

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या दक्षिण भागात उत्तरेकडून समुद्राकडे उतरत जाणाऱ्या अनेक अरुंद दऱ्या आहेत. त्यांपैकी आफॉन ल्विड नावाच्या नदीची दरी जेथून सुरू होते, तेथे उघड्या माळरानाच्या कुशीत ब्लायनॅव्हन हे लहानसे गाव वसले आहे. वेल्श भाषेत या नावाचा अर्थ ‘नदीचे उगमस्थान’ असा होतो. गावाची उंची समुद्रसपाटीपासून हजार फुटांहून अधिक आहे. हिवाळा येथे कडक असतो, वारा सतत वाहतो आणि शेतीस योग्य अशी जमीन फारच थोडी आहे. अशा जागी मनुष्यवस्ती दाट व्हावी असे वरवर पाहता कोणतेही कारण दिसत नाही. जे कारण होते ते जमिनीच्या वर नसून जमिनीच्या पोटात होते.

लोखंड तयार करावयाचे तर मुख्यतः तीन पदार्थ लागतात. पहिला लोहदगड, म्हणजे ज्यात लोह प्राणवायूशी वा अन्य द्रव्यांशी संयोग पावलेले असते असा खनिज दगड. दुसरे इंधन. ते उष्णता तर देतेच, पण लोहापासून प्राणवायू वेगळा करण्याचे कामही करते. तिसरी चुनखडी. ती दगडातील मातीशी व वाळूशी संयोग पावून तिची पातळ मळी बनविते, आणि ही मळी लोखंडाहून हलकी असल्यामुळे त्यावर तरंगते. ब्लायनॅव्हनच्या डोंगरउतारावर लोहदगडाचे आणि दगडी कोळशाचे थर जमिनीलगतच सापडत. चुनखडी जवळच्याच डोंगरात होती. भट्टीच्या अस्तरासाठी लागणारी अग्निरोधक मातीही तेथेच मिळे. चारही वस्तू थोड्याशा मैलांच्या परिसरात मिळाव्यात हा योग दुर्मीळ होय.

कारखान्याची स्थापना

हा डोंगर लॉर्ड ॲबरगेव्हेनी या जमीनदाराच्या मालकीचा होता. अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात टॉमस हिल, टॉमस हॉपकिन्स आणि बेंजामिन प्रॅट या तिघा इंग्रज भांडवलदारांनी तो पट्ट्याने घेतला व १७८९ साली तेथे झोतभट्ट्या पेटविल्या. आरंभी तीन भट्ट्या होत्या. त्या काळी बहुतेक कारखाने नदीकाठी असत, कारण भट्टीत हवेचा झोत सोडणारे भाते पाणचक्कीवर चालत. ब्लायनॅव्हन येथे मात्र प्रथमपासूनच वाफेच्या यंत्राची योजना करण्यात आली. त्यामुळे वाहत्या पाण्याचे बंधन सुटले आणि जेथे कच्चा माल तेथेच कारखाना उभारता आला. १७९६ साली येथील वार्षिक उत्पादन ५,४०० टनांवर पोहोचले होते.

भट्ट्यांची जागाही विचारपूर्वक निवडलेली आहे. डोंगराचा उतार उभा तोडून त्या कड्याला पाठ लावून त्या बांधल्या आहेत. कोक, लोहदगड व चुनखडी ही कड्याच्या माथ्यावर तयार ठेवीत आणि तेथून ढकलगाड्यांनी आणून सरळ भट्टीच्या तोंडात ओतीत. एवढे वजन वर चढविण्याचे श्रम त्यामुळे वाचत. खाली भट्टीच्या पायथ्याशी ओतकामाचे घर असे. ठराविक तासांनी भट्टीचे खालचे भोक उघडले की पांढरा-लाल रस वाळूत काढलेल्या चरांतून वाहू लागे आणि थिजला की त्याचे ठोकळे होत. हेच बीड. त्यात कर्बाचे प्रमाण बरेच असल्यामुळे ते कठीण पण ठिसूळ असते. त्यापासून घडीव लोखंड करावयाचे तर ते दुसऱ्या भट्टीत पुन्हा तापवून, ढवळून, त्यातील कर्ब जाळून टाकावा लागे.

झोतभट्टी एकदा पेटली म्हणजे ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, विझू द्यावयाची नसते. आतील रस थिजला तर भट्टीच निकामी होते. यामुळे कारखान्याला रात्र नव्हती आणि सुटीही क्वचितच होती. गावाचे जीवन या एका गोष्टीने घडविले.

माल नेण्याची सोय

लोखंड तयार झाले तरी ते डोंगरातून बंदरापर्यंत नेण्याचा प्रश्न उरतोच. एक मार्ग दरीतून न्यूपोर्ट बंदराकडे जाई. दुसरा मार्ग पहिल्या हिलचा पुत्र, धाकटा टॉमस हिल, याने १८१५ नंतरच्या काळात काढला. त्याने उत्तरेकडील डोंगर पोखरून पुल-दी नावाचा बोगदा खणविला. या बोगद्याची लांबी एक मैलाहून अधिक होती. त्यातून लोखंडी रुळांवरून घोडे गाड्या ओढीत. पलीकडे डोंगराच्या कडेने वळणे घेत हा मार्ग गार्नडिरिस येथील घडाईच्या कारखान्याकडे आणि तेथून उतारावरून लानफॉइस्टच्या धक्क्याकडे जाई. या धक्क्यावर माल कालव्यातील होड्यांत भरला जाई. आज रूळ राहिलेले नाहीत. पण रूळ बसविण्यासाठी घातलेले दगड, त्यांवरील भोके आणि डोंगराच्या कडेने जाणारी सपाट वाट अजून स्पष्ट दिसते. पायी फिरण्याची आवड असणाऱ्यांस या वाटेने पूर्ण एक दिवस घालविता येतो.

कारखान्याच्या आवारात १८३९ साली बांधलेला उंच दगडी मनोरा हा या व्यवस्थेचाच एक भाग होय. भट्ट्यांच्या पायथ्याशी तयार झालेले बीड सुमारे ८० फूट वरच्या पातळीवरील रूळमार्गापर्यंत चढवावे लागे. त्यासाठी पाण्याच्या तोलाची युक्ती योजिली होती. मनोऱ्याच्या माथ्यावरील मोठ्या चाकावरून एक साखळी सोडलेली असे आणि तिच्या दोन टोकांना दोन पाळणे बांधलेले असत. प्रत्येक पाळण्याखाली पाण्याची टाकी असे. खालच्या पाळण्यात भरलेली गाडी ठेवावयाची व वरच्या पाळण्याच्या टाकीत पाणी सोडावयाचे. पाण्याचे वजन मालाच्या वजनापेक्षा अधिक झाले की वरचा पाळणा खाली येऊ लागे आणि भरलेली गाडी आपोआप वर जाई. खाली पोहोचताच टाकीतील पाणी सोडून दिले जाई. डोंगरावर पाऊस मुबलक, म्हणून ही शक्ती जवळजवळ फुकट मिळे. विहिरीवरील रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांस दोन पाळण्यांच्या तोलाचे हे तत्त्व समजण्यास अडचण पडणार नाही.

कामकऱ्यांचे जीवन

डोंगरावर पूर्वी मेंढपाळांची तुरळक घरे होती. कारखाना निघताच वेल्सच्या खेड्यांतून, इंग्लंडमधून व पुढे आयर्लंडमधून माणसे येऊ लागली. त्यांच्यासाठी भट्ट्यांना लागूनच दगडी घरांच्या चाळी बांधण्यात आल्या. त्यांपैकी ‘स्टॅक स्क्वेअर’ हा चौक आजही उभा आहे आणि त्यातील काही घरांची अंतर्रचना निरनिराळ्या काळांतील कामकऱ्यांच्या घरांप्रमाणे केलेली आहे. एका लहान घरात मोठे कुटुंब राही, शिवाय कित्येकदा भाडेकरूही असे. रात्रपाळीचा मनुष्य उठला की त्याच अंथरुणावर दिवसपाळीचा मनुष्य निजे.

याच चौकात कंपनीचे दुकान होते. गावापासून बाजार दूर, म्हणून प्रथम ती सोय वाटली. परंतु मजुरी फार दिवसांनी मिळे आणि तोपर्यंत कामकऱ्याला याच दुकानातून उधारीवर माल घ्यावा लागे. भाव ठरविणार कंपनी, मजुरी ठरविणारही कंपनी. परिणामी पगाराच्या दिवशी हातात पैसा पडण्याऐवजी खात्यावर कर्जच उरे. मजुरी मालाच्या रूपाने न देता चलनी पैशातच दिली पाहिजे असा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १८३१ साली केला, तरी अनेक ठिकाणी या ना त्या रूपाने जुनी पद्धत चालू राहिली.

मुलांची स्थिती याहून कष्टाची होती. खाणीतील हवा ठराविक मार्गाने वाहावी म्हणून आत लाकडी दारे बसविलेली असत. कोळशाची गाडी आली की दार उघडावयाचे व गेली की लावावयाचे, हे काम सहा-सात वर्षांच्या मुलांकडे असे. मूल बारा-बारा तास अंधारात एकटे बसे. १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी चौकशी-मंडळाच्या अहवालाने ही स्थिती सर्व देशासमोर आणली. त्याच वर्षी स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना जमिनीखालील कामास बंदी करणारा कायदा झाला.

मालकवर्गाकडून काहीच झाले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. १८०४ साली हिल व हॉपकिन्स यांनी सेंट पीटरचे देऊळ बांधून दिले. त्यातील बाप्तिस्म्याचे पात्र बिडाचे आहे, आणि आवारातील काही थडग्यांवर दगडाऐवजी बिडाची झाकणे आहेत. सॅम्युएल हॉपकिन्स हा कारखान्याचा व्यवस्थापक १८१५ साली मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ सारा हॉपकिन्स या त्याच्या बहिणीने १८१६ साली कामकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. सर्वांसाठी शिक्षण सक्तीचे होण्यापूर्वी दोन पिढ्या अगोदरची ही गोष्ट आहे.

कामकऱ्यांनी स्वतःच्या बळावर उभारलेली वास्तूही गावात आहे. १८९५ साली पूर्ण झालेल्या ‘वर्कमेन्स हॉल’ या भव्य इमारतीसाठी खाणकामगारांच्या मजुरीतून दर आठवड्यास अर्धा पेनी कापून घेण्यात येई. सुमारे दहा हजार पौंडांचा खर्च अशा रीतीने भागला. त्यात सभागृह, वाचनालय व ग्रंथालय होते. ज्यांच्या वडिलांना सही करता येत नव्हती त्यांनी अर्ध्या अर्ध्या पेनीने ग्रंथालय बांधले, ही या गावच्या इतिहासातील ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

स्फुरदाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडाची जागा पोलाद घेऊ लागले. हेन्री बेसेमर याने १८५६ साली एक नवी पद्धत जाहीर केली. वितळलेले बीड मोठ्या पात्रात ओतून तळातून हवेचा जोराचा झोत सोडावयाचा. हवेतील प्राणवायूने बिडातील कर्ब जळतो, त्या ज्वलनाच्या उष्णतेनेच धातू वितळलेला राहतो, आणि थोड्या मिनिटांत कित्येक टन पोलाद तयार होते. परंतु या पद्धतीत एक मोठी उणीव होती. लोहदगडात स्फुरदाचा अंश असला तर तो पोलादात तसाच राही. शंभर भागांत एक दशांश भागाहून अधिक स्फुरद असला तरी पोलाद थंडीत ठिसूळ होते, आणि अशा पोलादाचा रूळ हिवाळ्यात गाडीखाली मोडण्याचा संभव असतो. युरोपातील बहुसंख्य लोहदगड स्फुरदयुक्त होते. त्यामुळे स्पेनमधील व अन्य थोड्या ठिकाणच्या शुद्ध दगडासाठी कारखानदारांची चढाओढ लागली.

हा प्रश्न सोडविणारा मनुष्य कारखानदार नव्हता. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस (जन्म १८५०) हा लंडनच्या एका पोलीस न्यायालयात कारकून होता. दिवसा नोकरी करून तो रात्री बर्कबेक संस्थेत रसायनशास्त्राच्या व्याख्यानांस जाई. बेसेमरच्या पात्रातून जो कोणी स्फुरद काढून टाकील तो मोठा धनवान होईल, असे तेथील एका अध्यापकाने म्हटलेले त्याने ऐकले आणि तो प्रश्न त्याने मनावर घेतला.

त्याचा विचार थोडक्यात असा होता. स्फुरद प्राणवायूशी संयोग पावतो तेव्हा आम्लधर्मी पदार्थ बनतो. आम्लाला बांधून ठेवावयाचे तर त्याच्या विरुद्ध धर्माचा, म्हणजे अल्कधर्मी, पदार्थ हवा. बेसेमरच्या पात्राचे अस्तर मात्र वालुकामय, म्हणजे स्वतःच आम्लधर्मी असते. त्यामुळे स्फुरद जळला तरी त्याला आश्रय मिळत नाही व तो परत लोखंडात शिरतो. पात्रात नुसता चुना टाकावा, तर तो अस्तरच खाऊन टाकतो. तेव्हा अस्तरच अल्कधर्मी केले पाहिजे आणि त्याबरोबर चुनाही घातला पाहिजे. मग स्फुरद चुन्याशी संयोग पावून मळीत जाईल आणि मळीबरोबर बाहेर काढता येईल.

विचार सरळ होता, पण प्रचंड उष्णतेत टिकणारे असे अस्तर करणे अवघड होते. प्रयोगासाठी कारखाना हवा होता. टॉमसचा आतेमामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट हा वेल्समध्ये रसायनज्ञ म्हणून काम करीत होता. तो ब्लायनॅव्हनच्या कारखान्यात रुजू झाला आणि १८७७ साली तेथे एका लहानशा पात्रात प्रयोग सुरू झाले. टॉमस सुटीच्या दिवशी लंडनहून येई व पुन्हा न्यायालयातील आपल्या जागी हजर होई. कारखान्याचा व्यवस्थापक एडवर्ड मार्टिन याला हे प्रयोग कळले तेव्हा त्याने ते थांबविले नाहीत, उलट मोठ्या प्रमाणावर करण्यास साहाय्य दिले. डोलोमाइट नावाचा चुना-मॅग्नेशियायुक्त दगड भाजून केलेले अस्तर अखेर टिकाऊ ठरले.

मार्च १८७८ मध्ये लोखंड व पोलाद यांविषयीच्या तज्ज्ञसंस्थेच्या सभेत टॉमसने आपल्या यशाची माहिती दिली, तेव्हा या अनोळखी तरुणाकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. पुढील वर्षी, एप्रिल १८७९ मध्ये, मिडल्सबरो येथील मोठ्या कारखान्यात प्रयोग यशस्वी झाला. कर्ब जळून गेल्यावरही काही मिनिटे झोत चालू ठेवला म्हणजे स्फुरद निघून जातो, हे तेथे स्पष्ट झाले. मग देशोदेशीचे कारखानदार मिडल्सबरोकडे धावले. निघालेली मळीही वाया गेली नाही. तिच्यात स्फुरद व चुना असल्यामुळे ती दळून शेतीत खत म्हणून वापरू लागले. टॉमसची प्रकृती मात्र अतिश्रमाने खालावली होती. १८८५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो पॅरिस येथे मरण पावला. आपल्या संपत्तीचा विनियोग श्रमजीवी लोकांच्या हितासाठी व्हावा ही त्याची इच्छा त्याच्या बहिणीने पार पाडली.

शोधाचे फळ कोणास मिळाले?

ब्लायनॅव्हनच्या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग यापुढेच आहे. ज्या गावात ही पद्धत सिद्ध झाली त्या गावाची तिने भरभराट केली नाही. लोरेन, लक्झेंबर्ग व त्यांच्या आसपासच्या प्रदेशांत लोहदगडाचे अफाट साठे होते, पण ते स्फुरदयुक्त म्हणून पोलादाच्या कामी निरुपयोगी समजले जात. नव्या पद्धतीने ते एकाएकी मौल्यवान झाले. जर्मनीचे पोलाद-उत्पादन झपाट्याने वाढले आणि १८९३ साली ते ब्रिटनच्या पुढे गेले.

इकडे ब्लायनॅव्हनचा स्वतःचा लोहदगड खोल व महाग होत चालला होता. परदेशी दगड जहाजातून येई, आणि तो बंदरावरून डोंगरावर चढवून पुन्हा तयार माल खाली उतरविण्यापेक्षा समुद्रकाठीच कारखाना घालणे स्वस्त पडे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या जागेने कारखान्यास जन्म दिला, तीच जागा आता अडचणीची झाली. गावाचा पोलाद-कारखाना दरीच्या पलीकडे फोर्जसाइड येथे हलला होता, तो काही काळ चालला. जुन्या भट्ट्या विसाव्या शतकाच्या आरंभी थंड झाल्या. गाव पुढे कोळशावर जगले. येथील ‘बिग पिट’ या खाणीत एके काळी हजाराहून अधिक माणसे होती. ती खाणही फेब्रुवारी १९८० मध्ये बंद झाली. तरुण माणसे काम शोधण्यासाठी बाहेर गेली व दुकाने ओस पडली.

याच कारणाने एक गोष्ट मात्र घडली. नव्या कारखान्याची जागा निराळी असल्यामुळे जुन्या भट्ट्या पाडून तेथे काही बांधण्याची कोणास गरज पडली नाही. अठराव्या शतकातील कारखाना, त्याच्या खाणी, बोगदे, रूळमार्ग, घरे, देऊळ व शाळा असा संपूर्ण संच एकत्र टिकून राहिला. म्हणून २००० साली युनेस्कोने सुमारे ३३ चौरस किलोमीटरचा हा प्रदेश जागतिक वारसास्थान म्हणून मान्य केला.

भारतीय वाचकासही हा इतिहास परका नाही. आम्लधर्मी स्फुरदाला चुन्याने बांधावयाचे आणि पात्राचे अस्तर अल्कधर्मी ठेवावयाचे, हेच तत्त्व पुढे निराळ्या रचनेच्या भट्ट्यांतही स्वीकारले गेले. रूरकेला येथे १९५९ साली प्राणवायूच्या झोताने पोलाद करण्याची पद्धत भारतात प्रथम सुरू झाली, त्या पात्रांचे अस्तरही अल्कधर्मीच होते.

पाहावयास जाणाऱ्यांसाठी

न्यूपोर्ट व कुमब्रान येथून ब्लायनॅव्हनला बसने जाता येते. कार्डिफपासून मोटारीने सुमारे तासाभराची वाट आहे. प्रथम सारा हॉपकिन्सच्या जुन्या शाळेत जावे. तेथे आता वारसाकेंद्र असून नकाशे व माहिती मिळते. शेजारच्या देवळातील बिडाचे पात्र पाहून नंतर लोहकारखान्याकडे वळावे. तेथे भट्ट्या, ओतकामाचे घर, तोलाचा मनोरा आणि स्टॅक स्क्वेअर एकाच आवारात आहेत. टॉमस व गिलख्रिस्ट यांच्या कार्याचा स्मारकस्तंभही तेथेच आहे. भट्ट्या खालून पाहिल्यावर वरच्या बाजूनेही अवश्य पाहाव्यात. तरच कच्चा माल वरून व लोखंड खालून ही योजना नीट ध्यानात येते.

बिग पिट खाण १९८३ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. तेथे पाळण्यातून सुमारे ३०० फूट खाली उतरावे लागते. पूर्वी खाणीत काम केलेली माणसे वाट दाखवितात. प्रत्येकास शिरस्त्राण व दिवा देतात. काड्यापेटी, बॅटरीवर चालणारे घड्याळ वा दूरध्वनी असे ठिणगी उत्पन्न करू शकणारे काहीही खाली नेता येत नाही, कारण खाणीत ज्वालाग्राही वायू साचण्याचा धोका असतो. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांस आत सोडीत नाहीत. खाली गारठा असतो, म्हणून उबदार कपडे व मजबूत जोडे घालावेत. हिवाळ्यात वेळा बदलतात, यास्तव निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट.

खाणीत एके ठिकाणी वाट दाखविणारा सर्वांना दिवे मालविण्यास सांगतो. तेव्हा डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसत नाही. हवेच्या दाराशी बसणाऱ्या मुलाचा सारा दिवस याच अंधारात जाई. ब्लायनॅव्हनच्या लोखंडाचा हिशेब करताना हा अंधारही त्यात धरावयास हवा.